सौदीला जाताना घरचा लॅपटॉप: पुसून न्यावा की जसाच्या तसा?

तळ्यातमळ्यात

धाकटा मेहुणा दिवाळी आटोपली की जुबैलला निघतोय. पेट्रोकेमिकल प्रकल्पावर इन्स्ट्रुमेंटेशनचं काम, दोन वर्षांचा करार, दम्मामला उतरायचं. तिकडे कंपनी संगणक देणार आहे, पण गड्याला स्वतःचा लॅपटॉप न्यायचाच आहे.

तो लॅपटॉप मी पाहिलाय. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापासूनचा. ‘डाउनलोड्स’ उघडलं की खाली सरकवता सरकवता बोट दुखतं. टोरंटवरून उतरवलेल्या मालिका, गोव्याच्या सहलीचे बाटल्यांसकट फोटो, मित्रमंडळाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आणि आपोआप साठत गेलेला सगळा चावटपणा. आणि हे सगळं झाकायला वॉलपेपर म्हणून गेल्या वर्षीचा घरचा गणपती.

माझं मत: सगळं एका हार्ड डिस्कवर टाकून ती घरी ठेवावी, लॅपटॉप कोरा करावा आणि मग न्यावा. अश्लील चित्रफीत नेणं तिथे गुन्हा आहे, हे कुणाला नवीन नाही. देश तसा वेश. मेहुणा म्हणतो, “भाऊजी, तुम्ही अजून 1985 मध्येच आहात.” काल जेवणावर यावरून इतकं वाजलं की सासूबाईंनी दोघांनाही ताक वाढलं नाही. तुमचं काय म्हणणं?

रोखठोक_नाशिककर

मेहुण्याशी शंभर टक्के सहमत. धागाकर्त्यांनी वर्तमानपत्र वाचायचं कधी सोडलं? धार्मिक पोलिसांचा अटक करण्याचा अधिकार 2016 साली काढून घेतला. 2018 मध्ये चित्रपटगृहं उघडली, बायका गाडी चालवायला लागल्या. 2019 पासून पर्यटक व्हिसा मिळतो. रोज हजारो लोक लॅपटॉप घेऊन उतरतात. प्रत्येकाचं ‘डाउनलोड्स’ उघडून बसायला तिथल्या अधिकाऱ्याला दुसरे उद्योग नाहीत का? बॅग यंत्रातून जाते, पलीकडून निघते, संपलं. ही भीती एजंट लोकांनी आणि गावच्या पारावर बसून आखाताच्या गप्पा मारणाऱ्यांनी वाढवलेली आहे.

नियमबाबू

रोखठोक, तुमची तिन्ही सालं बरोबर, निष्कर्ष चूक.

रस्त्यावर मुत्तव्वा, म्हणजे ते धार्मिक पोलीस, दिसत नाहीत म्हणून कायदा उठला असं होत नाही. सौदीचा सायबर गुन्हे कायदा 2007 चा आहे आणि आजही लागू आहे. त्याचं सहावं कलम वाचा: सार्वजनिक सुव्यवस्था, धार्मिक मूल्यं, नीतिमत्ता किंवा खासगीपणा यांना बाधा आणणारं साहित्य संगणकावर तयार करणं, पाठवणं *किंवा साठवणं*. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद आणि 30 लाख रियालपर्यंत दंड. ‘साठवणं’ हा शब्द दोनदा वाचा.

पण धागाकर्तेही चुकीच्या जागी घाबरतायत. कस्टमच्या काउंटरवरची ती दोन मिनिटं सगळ्यात कमी धोक्याची. खरी गोष्ट त्यानंतरची दोन वर्षं. कॅम्पात एका खोलीत चारजण. एकाशी पंख्यावरून भांडण झालं, त्याने जाऊन कुणाच्या तरी कानात सांगितलं. किंवा कीबोर्ड बिघडला म्हणून लॅपटॉप दुकानात टाकला. विमानतळावर कुणी उघडला नाही म्हणून आतली फाइल कायदेशीर होत नाही. विमानतळापुरतं पुसायचं आणि पोचल्यावर क्लाउडमधून सगळं परत उतरवून घ्यायचं, असा बेत असेल तर पुसण्याची मेहनत वाया.

अवांतर: येताना तिकडे नवा घेऊन दोन-दोन लॅपटॉप आणू नका म्हणावं. 18 वर्षांवरच्या प्रवाशाला आपलं कस्टम एकच शुल्कमुक्त सोडतं, दुसऱ्याची किंमत सामानाच्या सवलतीत धरतात.

खाडीपट्ट्याचा

पारावर बसून आखाताच्या गप्पा मारणारा हजर आहे!

मी महाडकडचा. 1992 ते 2011 तिकडे होतो. नाशिककर, आमच्या गप्पा उगाच नव्हत्या हो. पहिल्या सुट्टीवरून परत जाताना बॅगेत बहिणीच्या निकाहची व्हिडिओ कॅसेट होती. काउंटरवरच्या माणसाने कॅसेट उचलली, कागदाच्या चिठोऱ्यावर नंबर लिहून मला दिला आणि सांगितलं, बघून झालं की घेऊन जा. लग्नात हळदीची गाणी, मावशा-आत्या नाचतायत, आणि ते सगळं कुणी परका माणूस खुर्चीत बसून बघणार! तीन आठवड्यांनी कॅसेट मिळाली. मध्येच दोन जागी कोरी. आई गेल्यावर तीच एक चित्रफीत होती तिची. त्यातही ती जिथे हसते तिथे करड्या मुंग्या येतात.

तेव्हा लॅपटॉप कुणाकडे? इंटरनेटच लोकांना 1999 मध्ये मिळालं, तेही रियाधच्या एकाच सरकारी फाटकातून गाळून. कॅमेऱ्याच्या मोबाइलवर 2004 च्या अखेरपर्यंत बंदी होती. आणि बंदीचं काय सांगू, डिश अँटेनावर 1994 पासून बंदी, आणि इमारतीच्या गच्चीवर गेलं की अँटेनांतून वाट काढावी लागायची.

म्हणून माझं मत दोघांच्या मधलं नाही, तिसरंच आहे. तिथे नियम लिहिलेला असतो, पण तो कधी जागा होईल ते समोरच्या माणसावर असतं. कायद्याशी भांडता येतं, त्या माणसाच्या मूडशी नाही.

भगवा_वारा

गणपतीचा फोटो मुद्दाम ठेवू देत. बघू काय करतात. आपल्याला त्यांच्याकडे किंमत नाही हे तरी कळेल मेहुण्याला.

खाडीपट्ट्याचा

दादा, दुसऱ्याच्या मेहुण्याच्या नोकरीवर प्रयोग करू नका.

आणि हे फक्त तुमच्याच वाट्याला येतं असं समजू नका. माझ्या दंडाला आजीने दर्ग्यावरून आणून बांधलेला ताईत होता. काळा दोरा, तांब्याची पेटी. तिथल्या हिशेबाने ताईत म्हणजे जादूटोणा. काउंटरवर कात्री आणून कापला. मी मुसलमान, तोही मुसलमान. गावी फोनवर आजीला सांगितलंच नाही, विचारलं तर म्हणायचो, आहे, आहे.

गणपतीचं म्हणाल तर खासगीत पूजा करायला आडकाठी नाही, असं सौदी सरकार जाहीरपणे सांगतं. आमच्या कॅम्पात आंध्रची मुलं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला बालाजी चिकटवायची. दार लावलं की कपाट, उघडलं की देऊळ. एकोणीस वर्षांत त्यावरून काही झालेलं मी पाहिलं नाही. पण कपाटाच्या *आत*, हे लक्षात घ्या. वॉलपेपर म्हणजे कपाटाच्या बाहेरून झालं.

जर्सीकर

सगळा धागा सौदीवर तुटून पडलाय म्हणून विरुद्ध बाजूने थोडं. अमेरिकेच्या कस्टमने 2023 च्या आर्थिक वर्षात 41,000 हून जास्त वेळा प्रवाशांचे फोन-लॅपटॉप तपासले. सीमेवर त्यासाठी सहसा न्यायालयाचं वॉरंट लागत नाही. ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्याखाली पासवर्ड मागितला आणि दिला नाही तर तो स्वतंत्र गुन्हा. 2016 मध्ये कतारहून परतणाऱ्या एका संघटनेच्या संचालकाने हीथ्रोवर पासवर्ड नाकारला, पुढच्या वर्षी न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं.

आणि लॅपटॉपची भीती फक्त त्यांनाच असते असंही नाही. मार्च 2017 मध्ये अमेरिकेने रियाध, जेद्दाह, दुबई, दोहा वगैरे दहा विमानतळांवरून येणाऱ्यांना लॅपटॉप केबिनमध्ये आणायलाच मनाई केली होती. जुलैपर्यंत सगळे मुकाट्याने खालच्या सामानात टाकत होते. मी स्वतः दुबईहून येताना बॅगेत टी-शर्टांच्या गुंडाळ्यात घालून टाकला होता, वर देवाचं नाव. तेव्हा ‘परंपरावादी देश’ वगैरे लेबलं जरा जपून.

नियमबाबू

जर्सीकर, 41,000 मोठा आकडा वाटतो, पण त्या वर्षी आत आलेले प्रवासी 39 कोटींच्या वर. दहा हजारांत एक.

आणि फरक आकड्यांचा नाहीच. तिकडे अधिकारी काय शोधतोय? बॉम्ब, तस्करी, व्हिसातला खोटेपणा. मेहुण्याच्या बाबतीत प्रश्न आहे तो आपल्याकडे कुणी गुन्हा समजत नाही अशा गोष्टींचा. गोव्यातली बीअरची बाटली हातात धरलेला फोटो न्यू जर्सीच्या काउंटरवर कुणी बघितला तर फार तर ब्रँड विचारेल.

जर्सीकर

ब्रँड विचारेल आणि नाव खान असेल तर आणखी दोन तास विचारेल. ते असो. मुद्दा मान्य, अर्धा.

सोनचाफा

कुणीच बायकांच्या बाजूने लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी दोन वर्षांपूर्वी नवऱ्याकडे रियाधला तीन महिने राहून आले. जायच्या आधी मी लॅपटॉप स्वच्छ केला, कुणी न सांगता. त्यात चोरटं काहीच नव्हतं. तारकर्लीचे ओल्या कपड्यांतले फोटो, जाऊबाईंच्या डोहाळजेवणाचे, बाळाला पाजतानाचा एक. ते कुठल्याच देशातल्या कुठल्याच माणसाने काउंटरवर उभं राहून बघावेत अशी माझी इच्छा नाही. सौदीचा प्रश्नच नाही, सहार विमानतळावरही नको.

तेव्हा धागाकर्ते, तुम्ही ‘त्यांचे नियम’ म्हणून पुसायला सांगताय, रोखठोक ‘कुणी बघत नाही’ म्हणून ठेवायला सांगतायत. दोघंही बघणाऱ्याचाच विचार करताय. ज्याचा लॅपटॉप त्याला काय दाखवायचंय, हे कुणी विचारलं का?

प्रत्यक्षात काय झालं म्हणाल तर लॅपटॉप यंत्रातून सरळ गेला. अडवलं ते गोड्या मसाल्याने. अधिकाऱ्याने पुडी उघडली, वास घेतला, डोळे मिटले, परत घेतला, शेजारच्यालाही बोलावून दिला. मग दोघंही हसले आणि मला जा म्हणाले.

रोखठोक_नाशिककर

सोनचाफा, म्हणजे कुणी उघडला नाही! मी काय म्हणत होतो?

आणि तुमचा खासगीपणाचा मुद्दा मान्य केला तरी मेहुण्याचा लॅपटॉप पुसा म्हणणारे भाऊजी आहेत. तिशीतल्या माणसाच्या फायली भाऊजींनी का चाळाव्यात? पहिलं कस्टम तर घरातच बसलंय.

तळ्यातमळ्यात

चाळल्या नाहीत हो. प्रिंटर जोडून द्यायला उघडला होता, तेव्हा दिसलं ते दिसलं. पण टोला लागला, नाकारत नाही.

बिट_बाइट

तांत्रिक दोन गोष्टी, कारण वर सगळे ‘पुसा’ म्हणतायत आणि कुणी कसं ते सांगत नाही.

फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला म्हणजे पुसलं असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर, ब्राउझरचा इतिहास, फोटोंच्या छोट्या प्रती, सगळं इकडेतिकडे पडलेलं असतं. पुसायचंच तर डेटा बाहेर काढून विंडोज मुळापासून नव्याने टाका.

पण अगदी कोरा करकरीत नेऊ नका, इथे धागाकर्त्यांशी असहमत. सहा वर्षं वापरलेला, कडा झिजलेला लॅपटॉप आणि आत कालच जन्मल्यासारखं रिकामं, हे बघणाऱ्याला खटकतं. दाखले, प्रमाणपत्रं, आईवडिलांचे फोटो, चार भावगीतं, कामाचे मॅन्युअल्स असू देत. माणसाचा लॅपटॉप वाटला पाहिजे. आणि पेन ड्राइव्ह विसरू नका. लॅपटॉप धुऊन स्वच्छ आणि चेनच्या कप्प्यात मित्राने दिलेला पेन ड्राइव्ह, ज्यात काय आहे ते मित्रालाच ठाऊक.

एन्क्रिप्शनवर भिस्त ठेवणारे: उघड म्हटलं तर उघडावं लागेल. नोकरीच्या पहिल्या दिवशी ‘नाही’ म्हणायची हिंमत आहे का, ते आधी ठरवा.

खाडीपट्ट्याचा

सोनचाफाताई, तुमच्या गोड्या मसाल्यात खसखस होती का?

सोनचाफा

असते की. सासूबाईंच्या कृतीत असते. का हो काका?

खाडीपट्ट्याचा

बसून घ्या. सौदीत खसखशीवर बंदी आहे, अमीरातीतही. अफूच्या बोंडाचं बी ते, तिकडे अमली पदार्थात मोजतात. आणि अमली पदार्थांच्या बाबतीत तिथे कुणी चावटपणा समजून सोडत नाही. तुमचा माणूस वासावर खूश झाला म्हणून निभावलं. आमच्या वेळी केरळचा एकजण मसाल्याच्या पुडीवरून चार दिवस आत बसला होता.

इथे सगळे वॉलपेपरवर भांडतायत. पोराच्या औषधाच्या पिशवीत खोकल्याचं, झोपेचं काय आहे ते बघा, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. फराळाचा डबा बघा.

सोनचाफा

अगं बाई. मी ती पुडी त्याच्या नाकाखाली धरली होती, काका. दोन्ही हातांनी.

तळ्यातमळ्यात

थोडी खबर. मेहुण्याने रविवारी स्वतःच बसून सगळं हार्ड डिस्कवर काढलं. दार लावून, मला आत न घेता. वॉलपेपरला आता कोकणातलं घर आहे, पावसातलं. गणपती ‘कागदपत्रे’च्या आत एका फोल्डरमध्ये गेलाय, फोल्डरचं नाव ‘कपाट’. हा धागा तो वाचतोय हे मला तेव्हा कळलं.

आणि खाडीपट्टाकाका, तुमचा प्रतिसाद वाचून स्वयंपाकघरात गेलो. सासूबाईंनी त्याच्यासाठी अनारसे केलेत. चाळीस. एका बाजूने खसखशीत चांगले थापलेले. डबा बॅगेत सगळ्यात तळाशी, लॅपटॉपच्या बरोबर खाली भरला होता. काढला तेव्हा मला म्हणाल्या, “एवढं लॅपटॉप लॅपटॉप केलंत, मग माझ्या अनारशांत काय पाप दिसलं?” मी मोबाइलवर त्यांना काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. पूर्ण ऐकून घेतला आणि उद्या खसखशीशिवाय शंकरपाळे करते म्हणाल्या. आम्हाला चहाबरोबर अनारसे आहेत.