विदर्स उंच, पाठ आखूड, बजेट ४५ हजार: जंपिंग सॅडल कुठलं घेऊ?

फुटाण्याची_आई

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे. चहा घेऊन बसा.

माझा फुटाणा थरोब्रेड आहे. वय ७, उंची १५.३ हँड, म्हणजे सव्वापाच फुटांच्या आसपास. रेसकोर्सवर धावला कमी आणि हरला जास्त, म्हणून तर मला परवडला. पुण्याबाहेर एका क्लबच्या पागेत ठेवलाय. आठवड्यातून चार दिवस पहाटे साडेपाचला मी तिथे, नऊला बँकेत. ८०-९० सेंटिमीटरच्या उड्या मारतो आम्ही, त्यापुढची महत्त्वाकांक्षा दोघांनाही नाही.

आता त्याची अंगकाठी. विदर्स (मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या वरचा पाठीचा उंचवटा) म्हणजे पर्वती. पर्वतीच्या दोन्ही अंगांना, खांद्यांच्या मागे, असे खळगे की माझी मूठ आत बसते. डावा खांदा उजव्यापेक्षा भरलेला. आणि पाठ आखूड: खांद्याच्या मागून शेवटच्या बरगडीपर्यंत टेप धरली तर ४२ सेंटिमीटर. त्याच्यावर बसणार मी, पाच फूट आठ इंच, त्यातले निम्मे इंच मांड्यांत गेलेले. मला साडेसतराची सीट लागते, त्याच्या पाठीवर साडेसतराचं सॅडल मावत नाही. घोडं पेंड खातंय ते इथे.

दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक लेदरचं सॅडल घेतलं. दिसायला देखणं, ‘मीडियम’ म्हणून आलं. पहिल्याच दिवशी पुढची कमान विदर्सना टेकायला आली. जाणत्या माणसाला विचारलं तर म्हणाला, खाली पॅड वाढव. वाढवलं. मग जेल पॅड. मग मेंढीच्या लोकरीचं हाफ पॅड. तीन थरांवर मी अशी बसायचे की वरातीतल्या घोड्यावर बसलेय असं वाटावं.

यंदा केस बदलले तेव्हा विदर्सच्या खाली दोन्हीकडे सोड्याच्या बाटलीच्या झाकणाएवढे पांढरे डाग उमटले. तंग (सॅडलचा पोटाखालून जाणारा पट्टा) कसताना कान मागे टाकायला लागला. गेल्या महिन्यात ७० सेंटिमीटरच्या उडीपुढे, जी तो झोपेतही मारेल, चारही पाय रोवून उभा राहिला. डॉक्टरांनी तपासलं. पाय चारही ठणठणीत. पण डागांमागे बोट दाबलं की पाठ खाली घालतो. तीन आठवडे स्वारी बंद. मला त्या दिवशी रडू आलं, कारण तो सहा महिने सांगत होता आणि मी त्याला ‘नखरे नको’ म्हणत होते.

तर प्रश्न. ४५ हजारांत, तंगासकट: कानपूरहून नवं बनवून घेऊ, बाहेरून आलेलं जुनं चांगलं शोधू, की ते गलेट (पुढच्या कमानीतली रुंदी ठरवणारी पट्टी) बदलता येणारं सिंथेटिक घेऊ? माझ्या ओळखीत सॅडल फिटर कोणी नाही, त्यामुळे माप मलाच घ्यावं लागणार.

---

वेगळं_मत

एवढी कटकट असेल तर घोडा बदला. सॅडलपेक्षा स्वस्त पडेल.

---

फुटाण्याची_आई

नवऱ्याचंही हेच मत आहे. त्यालाही बदललेला नाही.

---

कृष्णाकाठचा_घोडेवाला

ताई, कानपूरचा अनुभव सांगतो. मी दोन मागवली. पहिलं मापाशिवाय, साडेचौदा हजारांना. ते आता भिंतीवर शोभेला आहे. दुसऱ्याला पाठीचे आकार काढून पाठवले, तेव्हा २३ हजारांत बरं काम झालं. तिथले कारागीर वाईट नाहीत हो, सगळ्या जगाला खोगिरं शिवून पाठवतात. पण आपण फोनवर ‘जरा रुंद करा’ म्हटलं तर त्यांनी काय समजायचं?

आकार असे काढा. अप्पा बळवंत चौकात आर्किटेक्चरच्या पोरांची फ्लेक्सिबल कर्व्ह मिळते, वाकवली की तशीच राहते. नसेल तर अर्थिंगची जाड तार घ्या. घोडा सपाट जमिनीवर, चारही पाय चौकोनात, मान सरळ. पहिला आकार खांद्याच्या हाडामागे दोन बोटांवर, दुसरा विदर्स संपतात तिथे, तिसरा सॅडलच्या मागच्या टोकाखाली. चौथा पाठीच्या लांबीचा, कण्याच्या रेषेवर. प्रत्येक आकार लगेच कागदावर उतरवा आणि डावं-उजवं लिहा. मी पहिल्यांदा लिहिलं नव्हतं आणि घरी येऊन डोकं धरून बसलो.

तुमच्या केसमध्ये मात्र मी आत्ता बनवून घेणार नाही. घोडा उद्या भरला की बनवलेलं सॅडल वाया.

---

दफेदार_निवृत्त

ताईसाहेब, नमस्कार. मी साताऱ्याकडचा. फौजेत २४ वर्षं घोड्यांत काढली, आता शेती बघतो.

तुम्ही घोड्याला नडला नाहीत, पॅडं नडली. बूट आधीच आवळतोय आणि तुम्ही आत दोन मोजे चढवले, मग तो चावणार नाही तर काय? कमान अरुंद असली तर खाली जेवढं घालाल तेवढं ती जास्त आवळते. त्या खळग्यातलं मांस गेलं ते पोटाला कमी पडलं म्हणून नाही, दाबाखाली गेलं.

पण पॅड म्हणजे पापच, असंही नाही. आमच्या जुन्या फौजी खोगिराखाली घडी घातलेलं कांबळं असायचं. मोहिमेत घोडा रोडावला की घडी बदलायची, भरला की कमी करायची. पण त्या खोगिराची कमान मुळात मोकळी. मोकळ्या कमानीत भरती चालते, आवळलेल्या कमानीत ती नुसती खोगीरभरती.

आता हाताने बघायची गोष्ट. सॅडल पॅडशिवाय उघड्या पाठीवर ठेवा, जरा पुढे, आणि मागे सरकवत आणा. ते आपणहून जिथे थांबतं ती त्याची जागा. पुढच्या कमानीची टोकं खांद्याच्या हाडामागे दोन-तीन बोटं पाहिजेत. मग तळहात वर करून पॅनलखाली (पाठीवर टेकणाऱ्या सॅडलच्या गादीखाली) पुढून मागे फिरवा. पुढे दाब, मागे दाब आणि मधे हात मोकळा फिरला तर ते सॅडल पुलासारखं दोन टोकांवर उभं आहे. तसलं फुकट मिळालं तरी घेऊ नका. मधली खाच पुढपासून मागपर्यंत तीन बोटं रुंद हवी, कण्याला काही लागता कामा नये.

नमदा (सॅडलखालचं पॅड) टाकल्यावर तो खाचेत वर ओढून घ्या, ताणून विदर्सवर बसू देऊ नका. ही गोष्ट मी रंगरुटांना रोज सांगायचो आणि रोज विसरायचे.

घोड्याला आधी चालवा. स्वारीशिवाय, लांब दोरीवर, मान खाली घालून, चढउतारावर. पाठ भरल्याशिवाय सॅडलचा शोध म्हणजे पोरगं वाढत असताना लग्नाचा सूट शिवणं.

---

मिडलंड्सची_मराठी

दफेदार काकांनी मुद्द्याचं सगळं सांगितलं, मी फक्त मांड्यांबद्दल बोलते, कारण माझ्याही तशाच आहेत.

मी इंग्लंडमधल्या वॉल्सॉलपासून वीस मिनिटांवर राहते. सॅडल बनवणारं गाव ते, इतकं की तिथल्या फुटबॉल क्लबला ‘सॅडलर्स’ म्हणतात. इथे सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्सचे पात्रता मिळवलेले फिटर घरी येऊन बघतात. माझ्याकडे आलेल्या फिटर बाईंनी एका अर्ध्या दिवसात माझे दहा वर्षांचे गैरसमज काढले.

तुला साडेसतराच लागते, हे कशावरून? तुझा गुडघा फ्लॅपच्या (सॅडलच्या बाजूला, पायाखाली लोंबणाऱ्या चामड्याच्या) पुढे निघतो म्हणून तू मागे ढकलली जातेस आणि सीट लहान वाटते. फ्लॅप पुरेसा पुढे कापलेला आणि लांब असला तर सतराच्या सीटमध्ये तू आरामात बसशील. म्हणजे सीट नाही, फ्लॅप बघ. दुसरं, पॅनल मागून कसं आहे ते बघ. मागे जाड चौकोनी गादी असेल तर ती पाठीवर लांबपर्यंत टेकते. मागून वर उचललेलं पॅनल असेल तर तीच सीट पाठीची जागा कमी खाते. तुझ्या ४२ सेंटिमीटरसाठी हे महत्त्वाचं. शेवटची बरगडी बोटाने चाचपत वर कण्यापर्यंत जा आणि तिथे खडूने रेघ मार. पॅनलचं टेकणं त्या रेघेच्या पुढे संपलं पाहिजे.

खांदे कमी-जास्त असतील तर मोठ्या खांद्याच्या मापाने रुंदी घ्यायची आणि लहान बाजूचा खळगा शिमने (पातळ भरतीच्या तुकड्याने) भरायचा. उलटं केलंस तर मोठा खांदा अडकतो आणि सॅडल फिरतं.

जुनं घेत असशील तर ट्री (सॅडलच्या आतला सांगाडा) तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस. पुढची कमान दोन्ही हातांत धरून आवळ आणि फाक. हलली किंवा कटकट वाजली तर सोडून दे. मग कमान पोटाला टेकवून मागचा काठ स्वतःकडे ओढ. थोडी लवचिकता चालते, पण सीटच्या मधोमध घडी पडली तर आत मोडलंय. रिकीब अडकवायच्या धातूच्या पट्ट्या बघ, आणि तंगाचे पट्टे वाकवून भेगा बघ. मागून एका डोळ्याने बघ, सॅडल पिळलेलं आहे का. पॅनलमध्ये लोकर असेल तर कमी-जास्त करता येते, फोम असेल तर जे आहे ते आहे.

आणि उडीतला मुद्दा: तू सीटवरून उठलीस की वजन रिकिबीतून त्या पट्ट्यांवर, म्हणजे सॅडलच्या पुढच्या भागात येतं. नुसतं बसून विदर्सवरचं अंतर मोजू नकोस. हाफ सीटमध्ये उभी राहा आणि दुसऱ्याला बोटं घालून बघू दे. दोन बोटं तरी राहिली पाहिजेत.

मी तुझ्या जागी असते तर गलेट बदलणारं सिंथेटिक, जुनं. लेदर नंतर. तुमच्याकडच्या पावसात लेदरला आठवड्यात बुरशी येते हे वेगळंच.

---

फुटाण्याची_आई

सव्वादोन महिन्यांनी येतेय, माफ करा. काकांचं ऐकून आधी सहा आठवडे दोरीवर चालवलं. पागेतला सईस हसायचा, म्हणायचा मॅडम, घोडा फिरायला नेताय की तो तुम्हाला? पण परवा त्यानेच खळग्यात मूठ घालून बघितली आणि म्हणाला, अर्धीच जाते आता.

आधी तीन सॅडलं नाकारली. एक तर इतकं सुंदर होतं, चॉकलेटी, मऊसूत. कमान आवळली तर आतून कर्रर आवाज आला. विकणारा म्हणाला, नवीन लेदर आहे म्हणून वाजतंय. बारा वर्षांचं ‘नवीन’ लेदर. दुसरं पुलासारखं, तिसऱ्याचं पॅनल खडूच्या रेघेच्या चार बोटं मागे.

शेवटी शिकायला परदेशी चाललेल्या एका मुलीकडून विंटेक कंपनीचं सिंथेटिक जंपिंग सॅडल मिळालं. सीट सतरा, फ्लॅप पुढे, गलेटच्या तीन पट्ट्यांसकट ३१ हजार. बसल्यावर कळलं, मिडलंड्स खरं बोलत होती. गुडघा फ्लॅपवर आहे आणि मागे चार बोटं शिल्लक आहेत. दोन वर्षं मी उगाच साडेसतरा साडेसतरा करत होते.

कागदावरच्या आकाराने हिरवी पट्टी बसत होती. मी डाव्या खांद्याचं माप धरून एक पायरी रुंद, काळी टाकली, आणि हाफ पॅडच्या पुढच्या कप्प्यात शिम: उजवीकडे दोन, डावीकडे एक. पट्टी बदलायला स्क्रू काढायचे आणि दुसरी बसवायची, एवढंच, पण पहिल्यांदा पाऊण तास लागला आणि एक स्क्रू वाळूत पडला. सईसाने चुंबकाने शोधला.

नवा तंग आणि ब्रेस्टप्लेट (सॅडल मागे सरकू न देणारा छातीवरचा पट्टा) धरून ३९ हजार ६०० झाले. ब्रेस्टप्लेट कारण चढावर सॅडल जरा मागे जातं.

परवा अर्धा तास काम करून सॅडल उतरवलं आणि घाम बघितला. दोन्ही बाजू सारख्या ओल्या, मधे कण्यावर कोरडी पट्टी. फक्त डावीकडे, जुन्या डागाच्या अगदी खाली, रुपयाएवढी कोरडी जागा राहिली. तंग कसताना कान मागे गेले नाहीत. त्याने माझ्या खिशात तोंड घातलं, गूळ होता.

काका, ती रुपयाएवढी कोरडी जागा दाबाची समजू की जुन्या जखमेमुळे तिथे घामच येत नसेल? डावीकडचा शिम काढून बघू का?

---

दफेदार_निवृत्त

आधी सॅडल न घालता दोरीवर घाम येईपर्यंत पळवा. तिथे तेव्हाही कोरडंच राहिलं तर जुना डाग, त्याला हात लावू नका. ओलं झालं तर दाब आहे, मग डावा शिम काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. उजवीकडचे तसेच राहू द्या.

आणि गूळ तंग कसायच्या आधी देऊ नका, नंतर द्या.