नाशिकहून सापुतारा सायकलने: एका दिवसात जाऊन-येऊन की मुक्काम?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये मी आणि माझी बहीण सायकलने सापुताऱ्याला जायचं म्हणतोय. दोघांकडे रोड बाइक आहेत. पुढे ५०/३४ दात्यांच्या चकत्या, मागे ११ ते २८ दात्यांच्या, टायर २५ मिलिमीटरचे. त्र्यंबक, घोटी असं आमचं नेहमीचं जाणं-येणं आहे, शंभर किलोमीटरला अडचण येत नाही. पण लांब घाट सलग चढायची सवय नाही.

दिंडोरी-वणीमार्गे सापुतारा ऐंशीच्या आसपास पडतं. म्हणजे जाऊन-येऊन १६०. एका दिवसात उरकावं की राहावं? राहिलो तर तिथून सायकल चालवायला कोणते रस्ते चांगले? आई-बाबांना घाटातल्या गाड्यांची काळजी वाटते, त्याबद्दलही कुणी अनुभवी माणसाने सांगितलं तर बरं होईल.

ब्रेव्हेप्रेमी

एका दिवसात आरामात होतं. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेतेरा तास मिळतात, त्या हिशोबाने १६० ला पावणेअकरा तास होतात. पहाटे पाचला निघालात तर उजेडात घरी. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रॅम ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, ते आपल्याच नाशिकचे. थोडी हिंमत करा.

म्हसरूळचा चालक

मी एस.टी.त चालक होतो. नाशिक-सापुतारा रस्त्यावर बरीच नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर त्याच रस्त्याला सायकल घेऊन जातो. वरच्या भाऊंचा हिशोब बरोबर आहे, १६० होतील. तरीही माझं सांगणं एकच, राहा. कारण नाशिकहून जाऊन तळ्याकाठी चहा घेऊन परत फिरणाऱ्याला सापुताऱ्याचा खरा घाट दिसतच नाही.

नाशिक मुळात समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. सापुताऱ्याला पोचेपर्यंत जी काही उंची वाढते ती ऐंशी किलोमीटरभर पसरलेली असते. चढ-उतार, चढ-उतार असा रस्ता आहे. सापुतारा गुजरातेतल्या डांग जिल्ह्याच्या कड्यावर बसलंय, आणि कडा तुटतो तो पलीकडच्या बाजूला. तळ्यापासून पुढे शामगहान गावाकडे उतरा, मग घाट काय असतो ते कळेल. नऊ-दहा किलोमीटर वळणावळणाने रस्ता खाली जातो, दोन्ही अंगाला साग आणि बांबू. सकाळी लवकर उतरायचं, शामगहानला नाश्ता करायचा आणि तोच घाट चढून वर यायचं. तुम्हाला सलग चढाची सवय नाही म्हणता, तर शिकायला यापेक्षा चांगली जागा जवळपास नाही. चढ लांब आहे पण एकसारखा आहे, त्यामुळे दमाला ताल सापडतो.

आता जायचा रस्ता. पंचवटीतून म्हसरूळ, ढकांबे, दिंडोरी हा टप्पा उजाडायच्या आत सोडा. डाव्या हाताला रामशेजचा किल्ला उजळत गेलेला पाहत चालवणं हे या रस्त्याचं निम्मं सुख आहे. दिंडोरीपुढे ओझरखेड धरणाचं पाणी आणि द्राक्षबागा लागतात. तिथे बागेतून निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर ओला चिखल सांडतात, २५ च्या टायरला तो घसरवतो. वणीत पिंपळगाव बसवंतकडचा रस्ता येऊन मिळतो आणि सुरतेकडे जाणारे ट्रक सुरू होतात. वणीनंतर बोरगाव आणि मग हातगड. हातगडचा किल्ला दिसू लागला की पोचलात समजा.

गाड्यांच्या काळजीबद्दल चालकाच्या नजरेतून सांगतो, हे लक्ष देऊन वाचा. घाटातल्या आखूड वळणावर बस किंवा ट्रक आधी बाहेरून मोठा घेर घेतो. सायकलवाल्याला आतल्या बाजूला मोकळी जागा दिसते आणि तो तिथे घुसतो. पण लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, ती आत कापतात. जी जागा मोकळी दिसली तिथेच मागचं चाक येतं. चालकाला त्या क्षणी आतला आरसा काही दाखवत नाही. म्हणून वळणावर मोठ्या गाडीच्या आतल्या अंगाला कधीही जायचं नाही. थांबा, जाऊ द्या, मग निघा.

दुसरं, घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे. तुम्ही उतरत असाल आणि समोरून भरलेला ट्रक चढत असेल तर वेग तोडा. तिसरं, उतरताना जळका, उग्र वास आला तर पुढे कुणाचे तरी ब्रेक लायनर तापलेत. लगेच रस्ता सोडून उभे राहा.

आमच्यात शिकवण होती की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. सायकलला इंजिनाचा ब्रेक नाही, त्यामुळे ती शिकवण इथे चालत नाही. रिम ब्रेक असतील तर सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक घट्ट लावून वेग उतरवा, वळणात सोडा.

वणीकर

काकांशी सहमत. फक्त २५ डिसेंबर ते १ जानेवारी टाळा. सापुताऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार-बुधवार गाठा.

परतताना वणीचाच रस्ता नको असेल तर हातगडहून कनाशी, अभोणा, नांदुरी असे या. ट्रक कमी. अभोण्याजवळ गिरणेवरचं चणकापूर धरण आहे. अंतर वाढतं, पण मुक्काम केलाय तर पायात जोर असतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट दहा किलोमीटरचा आहे, तोही करता येईल. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत मात्र तिथे खाजगी गाड्या बंद असतात, नांदुरीतून एस.टी.नेच जावं लागतं. त्या दिवसांत नाशिक-वणी रस्ता पदयात्रींनी भरलेला असतो, तेव्हा सायकलवाल्यांनी दुसरीकडे जावं हेच बरं.

गंगापूररोडकर

काका, मागच्या चाकाचं आम्हाला खरंच माहीत नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं. मुक्काम नक्की केला.

आणखी दोन शंका. २८ चा कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) पुरेल का? आणि नकाशात सापुतारा-वघई-आहवा-सापुतारा असा त्रिकोण दिसतोय, दुसऱ्या दिवशी तो करावा का?

म्हसरूळचा चालक

कॅसेट बदला. ३४ ला २८ लावून मिनिटाला साठ पायडल मारले तर ताशी नऊ किलोमीटर वेग लागतो. चढावर तेवढा वेग टिकला नाही की पायडल जड होतात आणि गुडघे बोलायला लागतात. ३२ लावलात तर तेच साठ पायडल ताशी आठवर मारता येतात. एक किलोमीटरचा फरक लहान वाटतो, पण शामगहानचा घाट चढताना तोच उपयोगी पडेल. तुमचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ३२ घेतो का ते मेकॅनिककडून आधी पाहून घ्या, आखूड केजचे (खालचा लोंबता भाग लहान असलेले) बरेचसे २८-३० ला थांबतात. फ्रेममध्ये जागा असेल तर टायरही २८ चे लावा.

त्रिकोण सुंदर आहे, पण सव्वाशे किलोमीटरच्या घरात जातो आणि शेवटी शामगहानचा घाट उरतोच. वघई पार खाली आहे, दुपारी डिसेंबरातही तिथे घाम फुटतो. पहिल्या वेळी नको. त्यासाठी एक मुक्काम आणखी काढा आणि रात्र वघई किंवा आहव्याला घाला. वघईला १९१३ साली सुरू झालेली बिलिमोऱ्याची नॅरोगेज येते आणि गावाजवळ अंबिकेवर गिरा धबधबा आहे. धबधब्याचं पाणी डिसेंबरात ओसरलेलं असतं. या अंबिकेचा उगम आपल्या सुरगाणा तालुक्यात आहे, म्हणून मला तो रस्ता परका वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी शामगहान उतरून चढा, दुपारी झोपा, संध्याकाळी टेबल पॉइंटचा छोटा चढ. तिसऱ्या दिवशी सकाळी कनाशीमार्गे घरी.

बोरगावची बाई

मी बोरगावकडे शिक्षिका आहे. शाळा भरताना आणि सुटताना मुलं रस्त्याच्या कडेने घोळक्याने चालतात. सायकलवाले दिसले की हात पुढे करून टाळी मागतात. उतारावर भरधाव असताना टाळी देऊ नका, मूल ओढलं जातं. थांबून द्या, त्यांना फार आनंद होतो.

ताईंसाठी सांगते. स्वच्छतागृहाची सोय वणीतच उरकून घ्या, पुढे बोरगावशिवाय भरवशाचं काही नाही. पाण्याच्या दोन-दोन बाटल्या वणीत भरा. पहाटे हातमोजे हवेतच, इकडे थंडी नाशिकपेक्षा बोचरी असते. हातगडच्या आसपास रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीवाले बसतात, बहुतेक आमच्याच विद्यार्थ्यांच्या घरचे. शेतातून तोडून तिथेच विकतात. घासाघीस न करता घ्या. नागलीची भाकरी आणि ठेचा कुठे मिळाला तर सोडू नका, ती भाकरी खाऊन माणूस हातगडपर्यंत सहज चढतो.

गंगापूररोडकर

बाई, बहिणीने यादी लिहून घेतली. सोमवारी कॅसेट बदलून घेतो, त्यानंतरच्या मंगळवारी पहाटे पाचला निघतो. चालककाका, म्हसरूळवरूनच जाणार आहोत, सोबत येणार का?

म्हसरूळचा चालक

दिंडोरीपर्यंत येतो. मागे लाल दिवा लावून या, अंधारात मोठ्या गाडीच्या चालकाला फक्त तोच दिसतो.