टीडीच्या पाकिटातून चुकलेल्या निकालाचे पैसे कापायचे?

हुकुमाची_सत्ती: काल नोट्रम्पकाकांनी लिहिलं की ब्रिज स्पर्धेचा टीडी (टूर्नामेंट डायरेक्टर, म्हणजे पंच) पैसे घेतो ना, मग निकाल चुकला की मानधनातून कापा. वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहिते. गेल्या स्पर्धेत दोन दिवस सकाळी आठ ते रात्री नऊ मी टीडी म्हणून पायावर उभी. अकरा टेबलांची मूव्हमेंट, म्हणजे कोणत्या फेरीला कोण कुठे बसणार ते, लावली. सुरू व्हायला पाच मिनिटं असताना एक जोडी उगवली. साडेअकरा टेबलं! सगळं पुन्हा मांडा, आणि पहिल्या फेरीला कोणी बसून राहायचं यावरून भांडण वेगळंच. शेवटी काय, तर शाल, नारळ आणि पाकीट. पाकिटात रिक्षा आणि जेवण सुटेल एवढं. विजेत्यांचा चेक मात्र फोटोत मावत नव्हता. काका, यातून कापणार काय? नारळ?

नोट्रम्पकाका: नारळ ठेवा, ताई. माझं दुखणं ऐका. आम्ही चार बदामची बोली लावली. डावीकडच्या साहेबांनी एवढा विचार केला की माझा चहा निवला, मग पास. माझा भिडू पास. आणि साहेबांच्या भिडूला एकाएकी चार इस्पिक सुचले! टीडी आले, उभ्या उभ्या म्हणाले, 'बोली कायम'. कुणाला विचारणं नाही, काही नाही. त्या एका बोर्डावर, म्हणजे एका डावावर, आम्ही बाहेर. नागपूरहून रेल्वेचं तिकीट, हॉटेल, दोन रजा. आणि टीडी महाशय संध्याकाळी बटाटेवडे खाताना दिसले.

किलवर_राजा: विचार करणं गुन्हा कधीपासून झाला? ब्रिज आहे हा, भिकार-सावकार नव्हे.

बदाम_दश्शी: विचार करणं गुन्हा नाहीच. भिडूने तो विचार 'ऐकून' बोलणं गुन्हा. ब्रिजच्या नियमपुस्तकातला सोळावा कायदा वाच.

किलवर_राजा: म्हणजे माझ्या हातात इस्पिकची सात पानं, आणि भिडूला ढेकर आला म्हणून मी गप्प बसू?

बदाम_दश्शी: सात पानं असतील आणि तुझ्या तोडीचा कोणीच पास करणार नसेल तर खुशाल बोल. तेच ठरवायला टीडीने चार-पाच खेळाडूंना नुसती त्या हातातली पानं दाखवून विचारायचं असतं, तुम्ही काय बोलाल म्हणून.

किलवर_राजा: माझ्या तोडीचा म्हणजे?

बदाम_दश्शी: शोधायला वेळ लागेल, मान्य.

किलवर_राजा: हातात चौकट असताना हुकूम कोणी मारला होता गेल्या वर्षी? सांगू का इथे?

बदाम_दश्शी: चष्मा बदललाय मी. तू थांबण्याची सवय बदल. प्रत्येक पासला शेअर बाजार बघितल्यासारखा चेहरा!

हुकुमाची_सत्ती: अहो, पैशांचं चाललं होतं. काका, अपील का नाही केलंत? स्कोअर लागल्यावर अर्धा तास मिळतो.

नोट्रम्पकाका: डिपॉझिट मागितलं. आणि अपील कमिटीत कोण, तर त्या साहेबांचा क्लबातला नेहमीचा भिडू.

हुकुमाची_सत्ती: हे वाईट झालं. यावर मी काही बोलत नाही.

न्यूजर्सीचा_पुणेकर: माझा मुलगा मॅजिक द गॅदरिंग हा पत्ते जमवून खेळायचा खेळ खेळतो. तिथल्या जजांना, म्हणजे पंचांना, वर्षानुवर्षं खास चकचकीत पत्ते द्यायचे. पत्त्यांच्या राबणुकीला पत्तेच! 2016 साली काही जजांनी कॅलिफोर्नियात खेळ काढणाऱ्या कंपनीवर दावा लावला, आम्ही तुमचे नोकरच आहोत म्हणून. 2019 ला जजांचं प्रशिक्षण एका वेगळ्या संस्थेकडे गेलं, आणि तिथे जजांनीच वर्गणी भरायची! 2023 ला तीही बंद. तेव्हा आधी पैसे नीट द्या, मग कॉलर धरा.

नोट्रम्पकाका: अमेरिकेतून सल्ला फुकट येतो, तिकीट नाही येत.

इस्पिक_गुलाम: काका, टीडीचा चुकलेला निकाल कायद्यातच धरलाय. 82 क. बोर्ड नीट मोजता येत नसेल तर ॲडजस्टेड स्कोअर, म्हणजे टीडीने दुरुस्त करून दिलेले गुण, आणि त्यासाठी दोन्ही बाजू निर्दोष धरायच्या. चूक भरून निघते ती स्कोअरमध्ये, पगारातून नव्हे.

नोट्रम्पकाका: चुकलो असं टीडीने आधी म्हणायला हवं ना!

हुकुमाची_सत्ती: खरं सांगू? आम्ही म्हणत नाही. एकदा माझा निकाल चुकला, घरी जाऊन पुस्तक उघडल्यावर कळलं. आयोजकांना फोन केला, ते म्हणाले बक्षिसं वाटून झाली, सोडा आता. मी सोडलं. त्या जोडीतला एक जण आजही माझ्याशी बोलत नाही.

नोट्रम्पकाका: हं. बरं, दंडाचं राहू दे. एंट्री फी वाढवा, मी देतो, कुरकुर करत देतो. पण निकाल देणाऱ्याने कायद्याचा क्रमांक लिहून खाली सही करायची. चालेल?

किलवर_राजा: आणि विचार करायला किती सेकंद, तेही लिहा एकदाचं.

हुकुमाची_सत्ती: सही करते, काका. कागद मात्र आयोजकांकडून मिळवून दाखवा. पेनसुद्धा मी घरून आणते.