पडद्यावरचा दारुड्या एका शपथेत सुधारतो, हे चालवून घ्यावे का?

टिळकवाडीकर:
चित्रपटांमुळे दारूला प्रतिष्ठा मिळते, या मुद्द्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. बेळगावात आपल्या घरांत मराठी, हिंदी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांतल्या मालिका चालतात आणि तिन्हींमध्ये दारू सोडण्याचा प्रसंग एकाच साच्यातला असतो. बायकोचे अश्रू पाहून नवरा देवासमोर शपथ घेतो, बाटली मोरीत रिकामी करतो आणि दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून कामाला निघतो. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, घाम, ताप आणि छातीची धडधड वाढून जिवावरही बेतू शकते. वेळीच औषधे मिळाली, तर हा धोका बहुतांशी टळतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक असतो. उरलेल्यांचे काय करायचे, ते घरातली माणसेच ठरवतात, आणि त्यांनी ‘दारू सोडणे’ पाहिलेले असते ते बहुधा पडद्यावरच. म्हणून ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

निपाणीकर:
मी गेली अनेक वर्षे गावच्या जत्रेत हौशी नाटके बसवतो, त्यामुळे हे मला मान्य होण्यासारखे नाही. नाटक म्हणजे वैद्यकाचे पुस्तक नव्हे. आम्ही बाळंतपण, खून, कोर्टाचा निकाल असे सगळेच आटोपशीर करून दाखवतो आणि प्रेक्षकाला ते कळते. मद्यपानाचे समर्थन किंवा गौरव करणारी दृश्ये नकोत, असे सेन्सॉरच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आधीच लिहिलेले आहे. त्यावर अचूकतेचा आणखी एक नियम आला, तर लेखक हा विषयच सोडून देतील. शिवाय दोष पडद्याला देऊन आपण खऱ्या कारणांकडे पाठ फिरवतो. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात अरॅक, म्हणजे पाकिटातून मिळणारी स्वस्त देशी दारू, बंद झाली. पाकीट गेले, पण पिणे गेले नाही. चोर्ला घाटातून येणारी गोव्याची स्वस्त बाटली कोणत्या चित्रपटाने आणली? गडकरी डॉक्टर नव्हते, तरी ‘एकच प्याला’ शंभर वर्षांनंतरही माणसाला हलवून सोडते.

टिळकवाडीकर:
साहेब, मी नियम मागितलेला नाही. आणि ‘एकच प्याला’चे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातला सुधाकर मध्येच दारू सोडतो, काम मागत प्रतिष्ठितांच्या दारी जातो, तिथे अपमान झाल्यावर पुन्हा प्याल्याकडे वळतो. सुटलेली दारू पुन्हा का लागते, हे गडकऱ्यांनी किती नेमके पाहिले होते! आजच्या मालिकेत ही पायरीच गळून पडलेली असते.

परिचारिका, खानापूर:
मी वॉर्डात रात्रपाळी करते. पाय मोडून दाखल झालेला शेतकरी पहिला दिवस शांत असतो. तिसऱ्या रात्री तो चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचू लागतो, हात लटपटतात, कपडे घामाने भिजतात आणि समोरच्या भिंतीकडे पाहून तो आपल्या बैलांना हाका मारतो. नातेवाईक म्हणतात, काहीतरी लागिर झाले, अंगारा आणू द्या. तो रोज किती पितो, हे दाखल करताना विचारले, तर भावाने लाजेपोटी ‘कधीतरी सणासुदीला’ असे सांगितलेले असते. खरे कळले असते, तर शामक औषध आणि थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शने पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. निपाणीकर सर म्हणतात की प्रेक्षकाला सगळे कळते. बाळंतपण त्याने घरात पाहिलेले असते, म्हणून ते कळते. हे त्याने कुठेच पाहिलेले नसते. आणखी एक गोष्ट मला फार लागते. अश्रूंनी नवरा सुधारतो असे पाहत आलेली बाई, तिचा नवरा सुधारला नाही, की स्वतःलाच कमी लेखू लागते.

चिक्कोडीचा वकील:
दारूपुरते पटले, पण अमली पदार्थांबाबत मी अचूकतेच्या विरोधात आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे; नुसत्या पानाची भांग त्या व्याख्येत बसत नाही. पडद्यावर मात्र एका झुरक्यात मुलाला भास होतात आणि पुढच्याच दृश्यात दंडात सुई. हे खोटे आहे, मान्य. पण गांजाने कोणी लगेच मरत नाही, असे पंधरा वर्षांच्या पोराला दाखवायचे का? दोन मुलांचा बाप म्हणून मला ती भीती हवी आहे.

टिळकवाडीकर:
वकीलसाहेब, आपली काळजी रास्त आहे. पण झुरका घेऊनही काहीच झाले नाही, असे ज्या दिवशी त्या पोराला दिसते, त्या दिवसापासून मोठ्यांनी सांगितलेले बाकीचे खरेही त्याला खोटे वाटू लागते. हेरॉईनचा डोस जास्त झाला, तर पडद्यावर माणूस तडफडतो. वास्तवात तो बहुतेक वेळा झोपल्यासारखा दिसतो, घोरल्यासारखा आवाज येतो, ओठ निळे पडतात आणि श्वास मंदावत थांबतो. झोपू दे म्हणून मित्र तसेच सोडतात. नालोक्सोन हे उताऱ्याचे औषध वेळेवर मिळाले, तर तोच श्वास परत येतो. उपचारासाठी आपणहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच १९८५ च्या कायद्याच्या कलम ६४अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, हे तर आपल्यासारख्यांनीच पोरांना सांगायला हवे.

निपाणीकर:
नियमाला माझा विरोध कायम आहे. सिस्टर, आपले म्हणणे मात्र मनाला लागले. रंगमंचावर तीन रात्री दाखवायला आमच्याकडे वेळ नसतो. एखादी छोटी खूण सांगता येईल का?

परिचारिका, खानापूर:
सर, आपले नट प्यायल्यावर झोकांड्या खातात आणि शुद्धीवर असताना सरळ चालतात. जुन्या पिणाऱ्याचे बरेचदा उलटे असते. सकाळी कपबशी त्याच्या हातात खुळखुळते, चहा बशीत सांडतो, तो दोन्ही हातांनी कप धरतो. पहिला घोट पोटात गेला की हात स्थिर होतात आणि तो व्यवस्थित बोलू लागतो. अंगाला सवय झाल्यामुळे पुष्कळ पिऊनही त्याचा तोल फारसा जात नाही. एवढे नटाकडून करून घ्या. आणि शपथेच्या प्रसंगात घरातल्या कोणाच्या तरी तोंडी ‘आधी डॉक्टरांकडे जाऊ, किती पितोस ते खरे सांग’ हे वाक्य घाला.