नियमात न बसणारा वडाचा बोनसाय: समोर बसून काय पाहावं, काय बोलावं?

प्रश्न
रविवारी ठाण्यात घोडबंदर रोडला एका गच्चीवर वडाचा बोनसाय पाहायला जायचंय. उंची साधारण ४५ सेंमी. खोड डावीकडे जवळजवळ आडवं गेलंय, पालाही सगळा त्याच बाजूला, आणि एक पारंबी खोडाच्या पुढून तिरकी उतरते. नियमाप्रमाणे हे दोष, तरी झाडावरून नजर हटत नाही. मालक मत विचारणार आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर १
झाड टेबलावर ठेवायला सांगा आणि डोळे खोडाच्या मध्याशी येतील असे बसा. गच्चीत वरून पाहिलं की नुसता पाला दिसतो. अंतर सव्वा ते दीड मीटर. आधी मुळं, मग खोड, मग फांद्या, कुंडी शेवटी. फिरवायचं असेल तर मालकांनाच फिरवू द्या.

आडव्या खोडाचा खरा निकाल मुळांत लागतो. उजवीकडे एखादं जाड मूळ मातीवर ताणून धरल्यासारखं दिसलं, तर झुकाव पटतो. तिथे काहीच नसेल तर झाड कलंडतंय असं वाटेल, आणि हे मालकांना स्पष्ट सांगायला हवं.

उत्तर २
पारंबीचं टोक मातीत गेलंय का ते आवर्जून बघा. वडाची पारंबी एकदा रुजली की भराभर जाड होते. आज ती रेष सुंदर असेल, पण अंगठ्याएवढी झाली की खोडाचं वळणच झाकेल. रुजली नसेल तर टोक छाटत राहावं, किंवा कोवळी असतानाच स्ट्रॉमधून मागच्या बाजूला उतरवावी.

उत्तर ३
पारंबी काढा असं मात्र लगेच म्हणू नका. वडाला पाइनच्या बोनसायच्या नियमांची मोजपट्टी कशाला? "ही पुढे का ठेवलीत?" असं आधी विचारा, बरंच कळेल.

शैलीच्या नावाखाली खपवू नयेत अशा गोष्टी वेगळ्या. एकाच जागी तीन-चार फांद्या ठेवल्या की तिथे खोड फुगतं आणि खालच्यापेक्षा जाड दिसतं. साल सोलून वाळकं लाकूड दाखवलं असेल, तर वडाचं मऊ लाकूड ठाण्याच्या पावसात कुजतं. पानं फार मोठी असतील तर ऊन कमी किंवा खतातलं नत्र जास्त.

प्रश्नकर्ता
फांद्यांना आकार देण्यासाठी गुंडाळलेली तार अजून तशीच आहे, असं कळलं. त्यावर बोलावं का?

उत्तर २
हो, तेच आधी. पावसाळ्यात वड जोरात वाढतो, तार काही आठवड्यांतच सालीत रुतते. रुतलेली तार उलगडू नये, प्रत्येक वेढ्यावर कापून तुकड्या-तुकड्यांनी काढावी.