मदत हवी आहे: दिवेलागण झाली की बाळ रडायला लागतं, तीन-साडेतीन तास थांबत नाही (वय ७ आठवडे)

अळीवाचालाडू (धागाकर्ती)

इथे आधी असा धागा असेल तर कृपया लिंक द्या. एका हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

मुलगा परवा सात आठवड्यांचा झाला. पूर्ण दिवसांचा, जन्माच्या वेळी २ किलो ९०० ग्रॅम, फक्त अंगावर पितो. पहिले दोन आठवडे इतका गुणी होता की शेजारच्या काकू म्हणाल्या, घरात बाळ आहे हे कळतसुद्धा नाही. तिथेच दृष्ट लागली असं सासूबाईंचं म्हणणं. तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं ते अजून चालूच आहे. साडेसहाला देवापुढे दिवा लावला की आधी कुरकुर, मग मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन किंचाळणं. पाजायला घेतलं की दोन घोट पितो आणि तोंड फिरवतो. साडेनऊ-दहाला एकदम गप्प होऊन झोपतो, जसं काही झालंच नाही. सकाळी हसतोसुद्धा, लबाड.

बेंबीभोवती हिंग लावून झाला. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं. ग्राइप वॉटर, डॉक्टरांनी दिलेले सिमेथिकोनचे थेंब, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणं, सगळं झालं. मिरच्यांचा ठसका मलाच लागला.

आता माझ्या ताटाबद्दल. आधी तूरडाळ गेली, वातूळ म्हणून. मग बटाटा, कोबी, सगळ्या पालेभाज्या. मग दही. मागच्या आठवड्यात चहा. आता मी मऊ भात, मेतकूट, तूप आणि दुधी यांवर आहे आणि तो तेवढाच रडतो. रोज संध्याकाळी रडणं सुरू झालं की घरातले सगळे बाळाकडे नाही, माझ्याकडे बघतात. "आज काय खाल्लंस?" काल आईचा फोन, थंड पाणी प्यायलीस का. आता पाणीच राहिलं होतं.

तर प्रश्न असे. हा पोटशूळच का, की दुसरं काही? माझ्या खाण्याने खरंच होतं का? सासूबाईंनी सहाण धुऊन ठेवली आहे, बाळगुटी सुरू करू का?

आणि एक विचारायची लाज वाटते. परवा तो तिसऱ्या तासाला रडत होता, नवरा लोकलमध्ये अडकलेला, आणि मला वाटलं ह्याला गादीवर आपटावं. पाळण्यात ठेवला, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि बसून राहिले. मी वाईट आई आहे का?

उंबरठा

आधी एवढं सांगा: वजन किती झालं? दिवसाला किती लंगोट ओले होतात? ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त?

अळीवाचालाडू

गेल्या आठवड्यात लशीच्या वेळी ४ किलो १००. लंगोट आठ-नऊ तरी. ताप नाही. दूध टाकतो थोडं, ते पांढरंच. शी पिवळी, पातळसर.

सुईदोरा

मी बालरोगतज्ज्ञ आहे. बाळ न बघता लिहितोय, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं माझ्या वरचं.

वजन चांगलं वाढतंय. ज्याला खरंच काही होतंय ते बाळ सहसा असं अंग धरत नाही. तुम्ही लिहिलंय ते पुस्तकातलंच वर्णन आहे. १९५४ साली वेसेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी तीनचा हिशेब मांडला: दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त काळ, आणि बाळ एरवी धडधाकट. आता आम्ही तास मोजत बसत नाही, पण चित्र तेच. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत थांबतं. म्हणजे तुम्ही सध्या घाटमाथ्यावर आहात. संध्याकाळी जास्त रडणंही नेहमीचंच, दिव्याशी किंवा दृष्टीशी त्याचा संबंध नाही. नेमकं कारण कुणालाच पक्कं सांगता येत नाही. पोट दुखतं म्हणूनच रडतं हेसुद्धा सिद्ध झालेलं नाही. पाय पोटाशी घेणं, लाल होणं हे कुठलंही बाळ जोरात रडताना करतं, आणि रडताना हवा गिळल्यामुळे वायू सुटतो. आपण उलटं समजतो.

ताट. डाळ आणि कोबीने वात होतो तो तुमच्या आतड्यात, तिथे न पचलेला चोथा आंबतो म्हणून. तो वायू रक्तातून दुधात जात नाही. दोन कप चहाने काही होत नाही. अपवाद एकच: काही बाळांना गाईम्हशीच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असते आणि ते आईच्या दुधातून थोडं जातं. पण तिथे बहुधा रडण्याबरोबर आणखी काही दिसतं, शीमध्ये रक्त किंवा शेंब, अंगावर इसब, वजन न वाढणं. तशी शंका आली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन-चार आठवडे आईने दूध-दुभतं बंद करून बघायचं असतं. तुमच्याकडे असं काही दिसत नाही. आजच्या आज वरण-भात खा. बाळंतिणीला उपाशी ठेवून बाळ गप्प होत नाही.

औषधं. सिमेथिकोनचा फायदा साध्या पाण्याइतकाच दिसला आहे. ग्राइप वॉटर १८५१ पासून चालत आलंय, तेव्हा त्यात चक्क दारू असायची. आता नसते आणि गुणही फारसा नाही. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूचे थेंब मिळतात, अंगावर पिणाऱ्या काही बाळांचं रडणं त्याने कमी झालेलं दिसलंय, पण विचारूनच द्या. डायसायक्लोमिन असलेलं पोटदुखीचं औषध घरात पडलेलं असेल तर सहा महिन्यांखाली अजिबात नको, त्याने श्वास अडकलेला आहे.

एक काम आज करा. रडताना पूर्ण कपडे काढून बघा. पायाच्या बोटाभोवती केस किंवा दोरा गुंडाळला गेलाय का (बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, मोज्यात अडकतात), जांघेत फुगवटा आहे का. आणि ताप १००.४ च्या वर, हिरवी उलटी, पिणं सोडलं, टाळू फुगली, रडण्याचा आवाज क्षीण किंवा वेगळाच झाला, मलूल पडलं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

जात्यावरची

अगं बाळा, माझी तीन मुलं आणि पाच नातवंडं गुटीवर वाढली. मुरडशिंग, हिरडा, जायफळ, सुंठ, हळकुंड, सहाणेवर एकेक वेढा उगाळून. एकालाही काही झालं नाही. आजकाल सगळंच चूक ठरवायचं.

सुईदोरा

आजी, तुमची नातवंडं धडधाकट आहेत याचा आनंदच आहे. ज्यांना त्रास झाला ती माझ्याकडे आली म्हणून मला दिसतात. वेढे कमीजास्त होतात, सहाण ओली राहून बुरशी धरते, वेखंड जास्त गेलं तर बाळाला उलट्या होतात, जायफळाने गुंगी येते आणि आपल्याला वाटतं शांत झोपलं. मधातून देत असाल तर एक वर्षाखाली मध नकोच, त्यातल्या जिवाणूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीही नाही.

जात्यावरची

मध आम्हीही देत नव्हतो, आईच्या दुधातच उगाळायचो. असो. मालिश तरी करू देत ना?

सुईदोरा

जरूर करा. हलक्या हाताने, आणि भुकेच्या किंवा झोपेच्या वेळी नको.

रात्रपाळी

मी बाबा, नवी मुंबई. आमच्या मुलीने हे बरोब्बर साडेतीन महिने केलं. औषध एकही लागू पडलं नाही, तीन गोष्टींनी तग धरला.

एक, पालथं धरणं. तिचं डोकं माझ्या कोपराच्या बेचक्यात, पोट हातावर, पाय दोन्ही बाजूंना लोंबते, माझा पंजा तिच्या मांडीला धरून. फांदीवर पसरलेल्या मांजरासारखं. असं घेऊन घरभर फिरायचं. (झोपली की मात्र उताणीच ठेवायची, पालथी नाही.)

दोन, आवाज. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावून त्याखाली उभं राहायचो. अंगाई म्हटली की जास्त रडायची, तो माझ्या गळ्याचा दोष असावा. दिवे मंद, टीव्ही बंद, आणि "आण इकडे, मी बघते" म्हणणाऱ्या पाहुण्यांना संध्याकाळी बंदी. चार हात बदलले की पोर आणखी बिथरायची.

तीन, पाळ्या. सात ते आठ बायको, आठ ते नऊ मी. ज्याची पाळी नाही त्याने खाली सोसायटीत चक्कर मारायची, रडणं ऐकू येणार नाही इतक्या लांब. हे ठरल्यावर आमची भांडणं निम्मी झाली.

शेजारी भिंत ठोकत असतील तर आधीच जाऊन सांगा. मी पेढे घेऊन गेलो होतो, "दोन महिने सांभाळून घ्या" म्हणालो. वरच्या मजल्यावरचे काका तर तिला अर्धा तास घेऊन जायला लागले.

अवांतर: लोकल उशिरा येते हे खरं, पण त्याने स्टेशनवरून येताना चहा टपरीवर किती वेळ जातो तेही विचारा. अनुभवाचे बोल.

पानगळ

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहितेय.

तुम्ही त्याला सुरक्षित ठेवलंत आणि बाजूला झालात. तेच करायचं असतं. असं वाटलं की पाळण्यात उताणं ठेवा, दार ओढून घ्या, दहा मिनिटं रडू द्या. दहा मिनिटं रडून बाळाला काही होत नाही. रागात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो, काही सेकंद पुरतात. घरात ज्यांच्या ज्यांच्या हातात बाळ जातं त्या सगळ्यांना हे सांगा, आजोबांनासुद्धा.

आता मी विचारते. तो झोपलेला असतानाही तुम्हाला झोप लागत नाही असं होतं का? काहीच नको वाटणं, विनाकारण रडू? ह्याला किंवा स्वतःला काही करावं असे विचार परत परत? मला पहिल्या वेळी झालं होतं. सगळे "बाळंतपणाचा थकवा" म्हणत राहिले आणि मी पाच महिने काढले. औषधाने बरी झाले, आणि अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं असतात हे मला फार उशिरा कळलं. दवाखान्यात जाववत नसेल तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, रात्रीही असतं, मराठीत बोलता येतं.

अळीवाचालाडू

सगळ्यांना एकेक करून उत्तर देता येत नाहीये. मोजे काढून बघितलं, काही नाही. झोप लागते, मिळाली तर. रडू येतं, पण संध्याकाळीच, त्याच्याबरोबर. नंबर फ्रिजवर लावून ठेवलाय.

सुईदोरांची पोस्ट सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री ताटात वरण होतं.

अळीवाचालाडू

पाच आठवड्यांनी लिहितेय. अचानक थांबलं असं नाही. तीन तासांचे दोन झाले, मग एखादा दिवस सुटायला लागला. काल चाळीस मिनिटं. मांजरासारखं धरणं उपयोगी पडलं, एक्झॉस्ट फॅनला मात्र तो घाबरला. आमच्याकडे मिक्सर चालतो, त्यामुळे घरात भरपूर चटण्या झाल्यात. गुटीची सहाण माळ्यावर गेली. हिंग सासूबाई अजून लावतात, मी काही म्हणत नाही. नवरा आता टपरीवर थांबत नाही.

कोवळाकोंब

ताई, आमची पाच आठवड्यांची आहे, आजच सुरू झालंय बहुतेक. ते मांजरासारखं धरायचं ते डाव्या हातावर की उजव्या?

रात्रपाळी

डाव्या. उजवा चहाला मोकळा हवा. गार झालेला.