काजूबागेतली मुंग्यांची पोळी: काडी लावण्याआधी वाचा

खोडपोखर: "काजू वेचायच्या आधी मुंग्यांची पोळी जाळून टाका" हा कालचा सल्ला वाचून डोकं फिरलं. फांदीवर काळपट, चघळलेल्या काडीकचऱ्याचा गोळा दिसतो ते पागोडा मुंग्यांचं पोळं. तांबूस सुतार पक्षी घरटं कोरतो ते त्यातच, आणि मुंग्या आत नांदत असताना! वीण फेब्रुवारी ते जून, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात. पोळ्याला बाजूने गोल भोक असेल तर आत 2-3 अंडी नाहीतर पिल्लं असू शकतात.

काजूवाला: त्याच मुंग्या पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी कीड, गाईगत पाळतात, हे नाही लिहिलंत. त्या किडीचा चिकटा पानावर पडतो, त्यावर काळी बुरशी. तुमचा सुतार मुंग्या खातो ना? मग पोळी कमी का होत नाहीत?

खोडपोखर: खातो, संपवत नाही. संपवल्या तर घरटं कशात करेल?

देवराईकाठी: सरसकट मुंग्यांना शिव्या नकोत. हुमले, म्हणजे पानं शिवून पोळं करणाऱ्या तांबड्या मुंग्या, असलेल्या झाडावर ढेकण्या (पालवी-मोहोराचा रस शोषणारी कीड) कमी लागतो.

काजूवाला: झालं, आले हुमले! त्या झाडाखाली गडी उभा राहत नाही. आणि हुमलेही खवले कीड राखतातच.

देवराईकाठी: राखतात, मान्य. पण ढेकण्यासाठी पालवी, मोहोर, फळधारणा अशा 3 फवारण्या मारता, त्यात हुमले आधी मरतात. मग ढेकण्याला रान मोकळं.

काजूवाला: तुमच्या हुमल्यांच्या भरवशावर मोहोर सोडला तर बोंडू नाही, शेंडे करपलेले दिसतील.

खोडपोखर: अहो, धागा सुताराचा आहे! आणि दोन्ही पोळ्यांत गल्लत नको. हुमल्यांचं पोळं हिरव्या पानांचं, रेशमाने शिवलेलं. पागोडा मुंगी डिवचली की पोट डोक्यावर उभारते.

झावळी: खोडाला ग्रीसची पट्टी बांधा, वाद मिटला.

काजूवाला: पोळं वर, पट्टी खाली. मुंग्या काय जिन्याने येतात?

खोडपोखर: इथे काजूवाला बरोबर आहेत. पट्टी जमिनीतून चढणाऱ्या किडीला. इथे पिठ्याने भरलेला शेंडाच छाटा आणि बागेबाहेर न्या. मार्चच्या पाचोळ्यात पेटता बोळा पडला तर पोळ्यासकट बाग जाईल.

काजूवाला: आगीचं पटलं, नाइलाजाने. भोकवालं पोळं राहू दे. बिनभोकाची ऑक्टोबरात फांदीसकट उतरवणार. सुतारसाहेबांनी तोवर भाडेकरार करून घ्यावा.

देवराईकाठी: आणि हुमले?

काजूवाला: हुमल्यांचं नाव काढू नका.